पेन्सिलीची भोकं

रविवारचं मटण अंगावर आलंय. पोलीस लाइनीतल्या आपल्या खोलीत वाघमोडे उस्ताद पंख्याखाली लवंडले आहेत. बंदूक चालवायला शिकवणारे म्हणून अख्खं हेडक्वार्टर त्यांना उस्ताद म्हणतं. डोळा लागतो न लागतो असं चाललंय. बायको बाहेर ओट्यावर शेजारणीशी बोलतेय, तिचा आवाज जवळ येतो, लांब जातो. मग तो बंदच पडतो आणि खोलीत कुणीतरी खोकतं. उस्ताद डोळे न उघडताच ओळखतात, हा खोकला सोमनाथ थिटेचा. सोमनाथ जाऊन दोन वर्षं झाली.

आता मेलेल्या माणसानं असं भरदुपारी, जेवण झाल्या झाल्या यावं का? पण सोमनाथ बिचारा पहिल्यापासून असाच, वेळकाळ न बघणारा. अंगात खाकी आहे, टोपी काखेत आहे, बूट मात्र दाराबाहेर काढून आलाय.

"उस्ताद, उद्या फायरिंग आहे ना?" तो विचारतो.

"आहे," उस्ताद म्हणतात आणि त्यांचे कान तापतात. उद्या गोळ्या कोण झाडणार आहे हे दोघांनाही माहीत आहे. सोमनाथची बायको, रोहिणी. नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागली, आणि आता हट्ट धरून बसलीय की हे जिथं पडले त्या घाटातल्या नाक्यावरच मला बंदूक घेऊन उभं करा. साहेब म्हणाले, आधी फायरिंग पास हो, मग बघू.

खाट आता मैदानात आहे. लाइनीमागचं नेहमीचंच मैदान, पण टेकडीच्या जागी उस्तादांच्या स्वयंपाकघराची भिंत आहे, ताटं-पातेल्यांच्या मांडणीसकट. भिंतीपुढं कागदी टार्गेटं उभी आहेत. सोमनाथ पालथा झोपून रायफल खांद्याला लावतो, डोळे गच्च मिटतो आणि चाप ओढतो. वरच्या फळीवरचं एक ताट खणकन वाजतं. टार्गेटला काहीच होत नाही.

"डोळे मिटू नको रे," उस्ताद म्हणतात.

"हे तुम्ही तेव्हा नाही सांगितलंत."

नव्हतंच सांगितलं. सांगायला सवड कुणाला होती? माणसं ढीगभर, दिवस एक, गोळ्या मोजक्या, आणि वर साहेबांना निकाल शंभर टक्के हवा. मग उस्ताद काय करायचे, तर टार्गेटांमागच्या खड्ड्यात बसायचे आणि ज्याची गोळी लागली नाही त्याच्या कागदात पेन्सिल खुपसायचे. लांबून बघणाऱ्याला पेन्सिलीचं भोक काय आणि गोळीचं भोक काय, सारखंच. मोजणी झाली की खळ लावून कागदाच्या ठिगळांनी सगळी भोकं बुजवायची आणि पुढच्याला बोलवायचं. सगळेच करतात, त्यात कुणाचं काय बिघडतं? सोमनाथच्या कागदातही त्यांनीच पेन्सिल खुपसली होती, आणि वर त्याची पाठ थोपटून म्हणाले होते, पोरा, याला म्हणतात नेम. ते येडं त्या दिवशी लाइनीत पेढे वाटत फिरलं. उस्तादांनीही एक खाल्ला होता.

उस्ताद खड्ड्यात उतरतात, तर तो घाटातला रस्ता आहे. उजाडायला आलंय. लोखंडी बॅरिकेड आडवं लावलंय आणि त्याला उस्तादांच्या बायकोची साडी वाळत घातलीय. पुढं एक जीप दारं उघडी टाकून उभी आहे.

"इथंच," सोमनाथ म्हणतो.

त्या दिवशी जीपमधल्या दरोडेखोरानं गावठी कट्टा काढला, तेव्हा बरोबरचे दोघे शिपाई झटकन दगडाआड बसले. सोमनाथ तेवढा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्यानं तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही झाडांत गेल्या. समोरच्याला एकच पुरली.

"तू का नाही लपलास?" उस्ताद विचारतात. हा प्रश्न दोन वर्षं त्यांच्या पोटात सलतोय.

सोमनाथ रागावत नाही. रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मला वाटलं, मला येतं," तो म्हणतो.

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. मान वर करवत नाही, म्हणून नजर त्याच्या सदऱ्यावरच अडकते. छातीपाशी एक भोक आहे, पेन्सिलीच्या भोकाएवढंच. त्यांना दुसरं काय सुचणार? ते खळीच्या डब्यात बोटं बुडवतात आणि भोकावर कागदाचं ठिगळ लावतात. ठिगळ भिजतं, गळून पडतं. ते दुसरं लावतात, मग तिसरं. आंघोळ घालून घेणाऱ्या पोरासारखा सोमनाथ हात वर करून गुमान उभा राहतो.

"राहू द्या, उस्ताद," तो शेवटी म्हणतो. "आता रोहिणीलाही वाटायला लागलंय, तिला येतं."

हे मात्र याला कळायला नको होतं. मागच्या आठवड्याच्या सरावात रोहिणीनंही नवऱ्यासारखेच डोळे मिटून घेतले होते. उस्तादांना तिची दया आली. विधवा बाई, लहान पोर पदरात, कशाला नाउमेद करा, असं म्हणून त्यांनी पुन्हा पेन्सिल काढली होती. दया म्हणे! उस्ताद काहीतरी बोलायला तोंड उघडतात.

पंखा फिरतोय. बायको दारातून विचारतेय, चहा टाकू का. उस्ताद तोंडावरून हात फिरवतात, तर बोटं गालाला चिकटतात. उजव्या हाताच्या तीन बोटांना पांढरी, ओली खळ लागलीय. ते वास घेऊन बघतात. मैद्याचीच आहे. ती तर उद्या सकाळी मैदानावर शिजायची आहे, घरात तिचा थेंबही नाही.

हात न धुताच ते डाव्या हातानं फोन लावतात. रोहिणी आनंदात आहे, काका, उद्या सगळ्यांच्या आधी येते म्हणते. मग उस्ताद काही आडपडदा न ठेवता तिला सांगून टाकतात. मागच्या आठवड्यात तिची एकही गोळी लागली नव्हती, भोकं पेन्सिलीची होती. उद्या ती नापास होणार आणि परवापासून ते तिला रोज शिकवणार, डोळे उघडे राहीपर्यंत. साहेबांना काय करायचंय ते करू देत, नोकरी गेली तर गेली.

पलीकडं दार लोटून घेतल्याचा आवाज येतो.

"काका," मग ती हळू विचारते, "यांच्या कागदावर यांची किती होती?"

बायको चहाची कपबशी घेऊन दारात येऊन थांबलीय. उस्ताद तिच्याकडं बघत नाहीत.

"एकही नाही, पोरी," ते म्हणतात.