भावोजींनी अडवलेली जागा

सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायचं. शेजारच्या टेबलावरचा पगार विभागाचा माणूस तिचा सख्खा दीर, त्यानेच ही सवय सगळ्यांना लावली. इस्पितळाच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळा कारभार पोटात घेऊन बसलेल्या त्या थोरल्या कॉम्प्युटरवर, कुठली फाइल किती जागा खाते हे बघणं वहिनीचं काम. डिस्क भरली म्हणून काल तिनेच जुन्या रक्तदात्यांची फाइल पुसली होती. नवी आहे की, जुनीला कोण विचारतंय?

आज विचारलं. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ऑपरेशन टेबलावर एक बाळंतीण होती, रक्तगट शोधून न सापडणारा, आणि नव्या फाइलमध्ये त्या गटाचं कुणीच नव्हतं. पुसलेल्या जुन्या फाइलमध्ये असलं तर?

फाइल पुसली की आधी फक्त तिचं नाव जातं. मजकूर तिथेच पडून असतो, वरून दुसरं काही लिहीपर्यंत. त्या जागेवर आता कोण बसलंय ते तिने शोधलं आणि डोक्याला हातच लावला. भावोजींची फाइल! कालच मागून घेतलेली. मग तिने त्यांच्या साऱ्या फाइलींची मागितलेली जागा आणि वापरलेली जागा शेजारीशेजारी मांडली. बसमध्ये रुमाल टाकावा तशी या गृहस्थाने अर्धी डिस्क अडवून ठेवली होती. म्हणजे डिस्क भरलीच नव्हती, आणि तिने रक्तदाते उगाच पुसले होते.

कालच्या फाइलपुढे वापर शून्य दिसत होता. तिचा त्यावर विश्वास बसेना.

"भावोजी, खरं सांगा. कालच्या फाइलमध्ये काही लिहिलंत?"

भावोजी ओशाळले. "नाही हो वहिनी. पुढेमागे लागेल म्हणून नुसती धरून ठेवली. कंटाळा केला."

तिने ती रिकामी फाइल जशीच्या तशी उघडली. पडद्यावर नावं उतरू लागली, पत्ते, फोन, रक्तगट. हवा असलेला गटही त्यात होता. एवढी वर्षं ज्या आळसाला तिने नावं ठेवली, त्याचे आज पाय धरावेसे वाटले. मेला एक दिवस कामसू निघाला असता तर?

ती दात्याचं नाव आणि फोन कागदावर उतरवून घेईपर्यंत रक्तपेढीचा नंबर भावोजींनीच फिरवला.