भारतची गुजराती अक्षरं

हे मी कुणाजवळच बोललो नाही — बायकोजवळही नाही. आता तुमच्याजवळ बोलतोय.

भारत आणि मी बीडला एकाच पेंटरकडं बोर्ड रंगवायला शिकलो. तो तिथून जवळच्या पाली गावचा. पुढं मला कॉम्प्युटरवरचे फॉन्ट करायचं वेड लागलं, माझ्यामागं त्यालाही. फॉन्ट करायला शिकवणारे पुण्याचे एक सर म्हणाले, गुजराती फॉन्ट करणारी माणसं कमी आहेत. पण आधी हातानं लिहा, लिहीतच राहा. मग भारतच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिरक्या टोकाची कटनिब आणि शाई घेऊन बसू लागलो.

गुजराती अक्षराला वरची रेघ नसते. ऐकायला सोपं — पण मराठी हाताला त्या रेघेचा आधार लागतो. माझी अक्षरं कोसळायची. मापात काढली तरी मेलेली. आणि भारतची? त्याचा 'अ' कागदावर असा उभा राहायचा, की आता चालायला लागेल. मी बघायचो आणि पोटात जळायचं. याला दोस्ती म्हणायचं?

सरांनी फॉन्टच्या कामासाठी हातानं लिहिलेले नमुने मागवले. पाठवायच्या आधी भारतनं त्याचे कागद माझ्यापुढं ठेवले. त्याचा माझ्या नजरेवर भरवसा होता.

"खरं सांग बे, जमंल का मला?"

मी कागद धरून बसलो. मला दिसत होतं — सगळं दिसत होतं.

"न्हाई भारत. तुझ्या हाताला वळणच न्हाई. नको नादी लागू."

"बरं झालं सांगितलं," एवढंच म्हणाला. कागद चुलीत घातले. मी अडवलं? नाही.

नमुने माझ्या एकट्याचे गेले. मी फॉन्टवाला झालो. लोक म्हणतात, अक्षर स्वच्छ आहे. स्वच्छ — हो, आंघोळ घातलेल्या मढ्यासारखं. अजून रोज लिहितो. भारतसारखा एक 'अ' हातून उतरला नाही.

भारत आता माजलगावकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. गेल्या हंगामात भेटायला गेलतो. माझ्या खांद्यावर हात टाकून तो ट्रॅक्टरवाल्यांना सांगू लागला, "ह्यो माझा दोस्त. लई मोठा झाला. यानंच येळेवर सांगितलं म्हणून वाचलो, न्हाई तर बसलो असतो रेघोट्या वढत."

सगळे हसले. मीही हसलो.

तुम्हाला सांगितलं. त्याला सांगितलेलं नाही — आणि सांगेन, असंही वाटत नाही.