साहेबांचं नाव आधी

वासुदेव गेल्याचं मला आमच्या संशोधन संस्थेच्या फळ्यावर कळलं. शोकप्रस्तावात त्याला 'प्रयोगशाळेतील होतकरू सहायक' म्हटलं होतं. पंचेचाळिशीचा माणूस, आणि होतकरू! शिपायानं कागद पुढे केला आणि मी सही केली. त्या सहीची मला अजून किळस येते…

मी तिथला ग्रंथपाल; वासुदेव वडनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा. कपाशीच्या पानांतून शुद्ध डीएनए काढणं भल्याभल्यांना जमत नव्हतं, रस चिकट होऊन काळा पडायचा. त्याला ते जमलं. पहिला शोधनिबंध टाइप करायला देताना त्यानं आपणहून विभागप्रमुखांचं नाव आधी घातलं. साहेबांनी त्यात एक नळीसुद्धा विसळली नव्हती. मी म्हटलं, "काम तुझं ना रे?" तो हसला. "लग्नाच्या पत्रिकेत मोठ्या माणसाचं नाव आधी राह्यते ना गड्या. त्यानं नवरदेव थोडीच बदलते?"

साहेबांनी तो मान हक्क म्हणून खिशात घातला. पुढचे सगळे निबंध तसेच गेले. निबंधाची छापील प्रत मागणारी परदेशी कार्डं साहेबांच्या नावानं येत. त्यांवरची तिकिटं साहेब नातवासाठी कापून घेत आणि पाकिटांवर पत्ते लिहीत बसायचा वासुदेव.

मग त्याच्या बढतीची मुलाखत आली. कुणाच्या संशोधनाचा जगात कितीदा उल्लेख झाला, हे सांगणारी जाडजूड सूची मी नागपूरहून मागवली. आम्ही दोघं मोठ्या हौसेनं ती उघडून बसलो. तेव्हा कळलं, त्यात निबंधावरचं फक्त पहिलं नाव धरतात. साहेबांच्या नावाखाली रकाना भरून उल्लेख होते, सगळे याच्या कामाचे. याचं नावच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला. "मी कुठंच नाई रे…" एवढंच म्हणाला.

निवड समितीत साहेबच होते. दाराबाहेर ऐकू आलं, "काम बरं आहे यांचं, पण जगात यांची दखल कुणी घेतलेली दिसत नाही." थुंकावंसं वाटतं अशा विद्वत्तेवर. आणि मी? मला खरं ठाऊक होतं. नोकरीला जपून बाहेरच्या बाकावर गप्प बसलो. वासुदेव त्यानंतर सहा वर्षं त्याच खुर्चीत काम करत राहिला, त्याच पदावर असताना गेला.

गेल्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. परदेशातून पत्र आलं होतं: तुमच्या पद्धतीनं करूनही आमचा रस काळा पडतो, काय चुकतं? साहेबांना काय कप्पाळ ठाऊक! "त्याच्या वह्या घरी असतील, तेवढ्या आणा." आणि मी निर्लज्जासारखा पिपरी मेघेला त्याच्या घरी गेलो.

वहिनींनी ट्रंक उघडून एक वही हातात दिली. पहिल्याच पानावर त्याचं बारीक अक्षर: पानं दिवस उगवायच्या आत तोडावी, ओल्या फडक्यात आणावी. मी पान उलटणार तोच त्यांनी विचारलं, "सायबानं पाठोलं का तुमाले?"

मी मान डोलावली.

त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "ज्याईचं नाव पयलं हाय, त्याईले मालूमच असन भाऊजी," त्या म्हणाल्या आणि ट्रंक लावून तिच्यावर बसून राहिल्या.