सुटला आणि सोडला

आमच्या चामराजपेटच्या गल्लीत अण्णांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे ते स्वतःच सर्वांना सांगत. कुत्रा दिसला की ते रस्ता बदलत. पोलीस दिसला की काहीही केलेले नसताना टोपी सारखी करत. वीज चमकली की शिवण अर्धी टाकून दोन्ही पाय स्टुलावर घेऊन बसत, कारण पायमशीन लोखंडाचे आणि लोखंडाला वीज धरते. "देवाने माझ्या छातीत कापूस भरलाय गं अक्का," ते मला म्हणत. मी तेव्हा अठरा वर्षांची कॉलेजकन्या होते, पण अण्णांच्या लेखी लहानमोठी प्रत्येक मुलगी अक्काच असे. असा हा माणूस दर रविवारी हजारो लोकांच्या आरडाओरड्यात फुटबॉलची मॅच बघायला कसा जातो, हे मला कोडेच होते.

अण्णा शिंपी होते. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडून चार-पाच पिढ्यांपूर्वी बंगळुरास आले होते. आम्ही तीनच वर्षांपूर्वी पुण्याहून आलो होतो. तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि अण्णांच्या दुकानासमोरचे घर भाड्याने मिळाले. पुढच्या खोलीत दुकान, मागे अण्णा आणि काकू. शिवलेल्या प्रत्येक कपड्यात अण्णा दोन बोटे कापड मुडपून आत ठेवत. "अंग वाढतं. उसवलं की मिळायला पाहिजे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. माझ्या वडिलांच्या सदऱ्यालाही त्यांनी तशीच मुडप ठेवली, तेव्हा वडील म्हणाले, "अहो, माझी वाढ संपली आता." त्यावर अण्णा म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "पण राहू दे."

आमच्या भागाच्या फुटबॉल संघाच्या जर्सी तेच शिवत. संघाला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होते, पण ते कोणी घेत नसे. सगळे 'नम्म टीम' म्हणत, म्हणजे आपली टीम. मॅच संपली की मळलेल्या जर्सींचे गाठोडे सायकलला बांधून अण्णा घरी आणत, उसवलेले शिवायला. ते येईपर्यंत दुकानाच्या पायरीशी गल्ली जमलेली असे. बायका मैदानावर जात नसत, पुरुषांपैकीही निम्म्यांना रविवारची सुट्टी नसे. त्या सगळ्यांना मॅच दिसायची ती अण्णांच्या तोंडून. कात्री म्हणजे आपला फॉरवर्ड, खडू म्हणजे बॉल, आणि दोऱ्याची रिळे म्हणजे समोरचा संघ. गोष्टीतही ते दोन बोटे जास्त ठेवत, हे सर्वांना माहीत होते. तरी त्यांना 'रिपोर्टर अण्णा' म्हणत, आणि त्यांनी सांगितलेले गल्लीत प्रमाण मानले जाई.

आता त्यांच्या भाषेविषयी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. परवा रेवा फोनवर मला म्हणाली, "आजी, माझी बस सोडली." मी हसले नाही. मला एकदम अण्णा आठवले. ते असेच बोलत. "साडेसातची गाडी सोडली," "हातातला ग्लास सोडला आणि फुटला." कन्नडमध्ये सुटणे आणि सोडणे ह्या दोन्हींना बहुतेक वेळा एकच क्रियापद पुरते, आणि इतक्या पिढ्या कन्नड बोलून त्यांच्या मराठीतला हा भेद पुसून गेला होता. माझे शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे आपले मराठी चुकू नये म्हणून मी जरा जास्तच दक्ष असे. मी त्यांना सुधारत असे. "अण्णा, गाडी सुटते. सोडतो तो माणूस, मुद्दाम." ते मान डोलावत. "सरी अक्का. आपोआप ते सुटलं, मुद्दाम ते सोडलं." आणि पाचच मिनिटांत पुन्हा "सुई सोडली गं कुठेतरी."

त्या वर्षी नम्म टीम लागोपाठ दोन मॅच हरली, आणि त्याही अगदी हलक्या संघांशी. आधी लोक हळहळले. मग कोणीतरी म्हणाले की ही हार विकत घेतलेली आहे, आपली टीम ठरवून हरते आहे. कोणी म्हटले, कोणी ऐकले, काही पत्ता लागेना. आठवड्याभरात गल्लीची हवाच बदलली. कॅप्टनच्या घराच्या कौलांवर दगड पडले. आमच्या कोपऱ्यावरचे कॉफीपूडवाले रामण्णा, एरवी किती हसरे गृहस्थ, पूड दळता दळता दातओठ खाऊन म्हणत, "पोराबाळांना घेऊन उन्हात उभे राहतो आम्ही. आम्हाला फसवतात? आम्हाला?" गोलकीपर मुनी आमच्याच गल्लीत, अण्णांपासून चौथ्या घरात आईबरोबर राहत असे. त्याच्या आईकडून फुले घेणे बायकांनी बंद केले. ती टोपली घेऊन दारावरून जाई आणि दारे तिच्यासमोर लागत. आमचेही लागले. मी आतून कडी घातली हे मला आठवते.

तिसऱ्या रविवारी मी ब्लाउजच्या ट्रायलसाठी काकूंकडे गेले होते. वडील दुसऱ्या पाळीला होते. संध्याकाळ होत आली होती. अण्णा आले ते गाठोडे कडेला टाकून पायरीवरच बसले. चेहरा उतरलेला. लोक जमलेच होते.

"काय झालं?" काकूंनी दारातून मराठीत विचारले.

"एक शून्य. हरलो."

"कसा गोल झाला?"

अण्णांनी खडू उचललाच नाही. म्हणाले, "काय सांगू. साधा बॉल होता. मुनीच्या हातात आलेला. सोडला."

"सोडला?" रामण्णांनी विचारले. मराठी त्यांना येत नव्हते, पण आमच्या गल्लीत राहून एवढे शब्द कळत होते.

"हो ना. हातातला सोडला."

रामण्णा कन्नडमध्ये मागच्या लोकांना म्हणाले, "बिट्टुकोट्ट." ह्याचा अर्थ देऊन टाकला, मुद्दाम. मी आतल्या दाराशी उभी होते. चूक माझ्या कानाला तत्काळ कळली होती. तोंडाशी शब्द आला होता, "सुटला म्हणायचंय त्यांना." पण एवढ्या पुरुषांसमोर बोलायचे कसे, म्हणून मी गप्प राहिले. लोक पांगले आणि मला वाटले, संपले.

अर्ध्या तासात बाजाराच्या बाजूने आवाज आला. आधी तो मिरवणुकीसारखा वाटला. मग शब्द कळू लागले. "बिट्टुकोट्ट! बिट्टुकोट्ट!" गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्याचे आवाज मी मोजले, सात झाले. काकूंनी दिवा लावायला घेतलेली काडी तशीच विझवली. फटीतून मी पाहिले. पन्नास-साठ माणसे, हातांत काठ्या, एकाच्या हातात सायकलची चेन. ते मुनीच्या दाराकडे चालले होते.

मागे वळून बघते तो अण्णा दिसेनात. ते कापायच्या टेबलाखाली जाऊन बसले होते, गुडघे छातीशी घेऊन.

"अक्का," ते खालून म्हणाले, "हा माझाच शब्द ना गं?"

मी 'नाही' म्हणायला हवे होते. मी म्हटले, "हो."

बाहेर कोणीतरी मुनीच्या दारावर काठी मारली. आतून त्याची आई ओरडली. अण्णा टेबलाखालून निघाले तेव्हा त्यांचे दात वाजत होते, अगदी खरोखर, मला ऐकू येत होते. त्यांनी गाठोडे सोडून मुनीची लांब बाह्यांची जर्सी काढली. चिखलाने ओली. "ब्लेड दे. बाही धर. ताणून धर."

पहिल्याच टाक्याला ब्लेड घसरून माझ्या अंगठ्याला लागले. त्यांनी दोन्ही बाह्यांची मुडप उसवली. नेहमीची दोन बोटे बाहेर आली. ते काय करत आहेत हे मला तेव्हा समजले, आणि समजताच आणखी एक गोष्ट दिसली.

"अण्णा, आतलं कापड स्वच्छ आहे. लोक ओळखतील."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्यांना वाचवणार होते. मी त्या दोन पांढऱ्या पट्ट्या जर्सीच्याच चिखलात घासल्या, दोन्ही बाजूंनी. माझ्या अंगठ्याचे रक्तही त्यात गेले असेल. मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यात केलेली ही एकमेव लबाडी. निदान पकडली न गेलेली.

"अक्का, कडी लाव," एवढे म्हणून अण्णा बाहेर गेले. गळ्यात टेप तशीच होती. कुत्र्याला भिणारा तो माणूस त्या काठ्यांमधून वाट काढत मुनीच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी जर्सी पुढे धरली. आवाज निघाला तो बायकी, चिरका.

"रामण्णा, तुमचं माप मुनीएवढंच आहे. हे घाला."

"बाजूला हो अण्णा."

"घाला. मी शिवलंय. ट्रायल घ्या. मग मारा कोणाला मारायचं ते."

मारायला आलेला माणूस ट्रायल कशी देतो हे मी त्या दिवशी पाहिले. अण्णा शिंपी होते आणि रामण्णांनी वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर हात पुढे केलेले होते. तसाच त्यांनी आताही केला. काठी दुसऱ्याकडे दिली आणि हात बाहीत घातला. बाही मनगटावरून उतरली, तळहातावर आली, बोटांच्या मुळांशी थांबली.

"बघा," अण्णा म्हणाले. "दोन बोटं जास्त. ओलं कापड तळहातावर आलं तर बॉल कसा राहील? मी कापलंय हे. मुनीने नाही."

सगळे त्या बाहीकडे बघू लागले. अण्णांची दोन बोटे गल्लीत कोणाला माहीत नव्हती? मागून कोणी तरी हसले, आणि मला वाटले, सुटलो. पण इतक्या लांबवर आणलेला राग रिकाम्या हाताने परत जात नाही. रामण्णांनी जर्सी काढून अण्णांच्या तोंडावर फेकली. सगळे दुकानाकडे वळले. मी आणि काकू मागच्या न्हाणीघरात शिरलो आणि दार दाबून धरले. मशीन पायऱ्यांवरून खाली जाताना जो आवाज झाला तो अजून माझ्या कानांत आहे. वीज चमकली की अण्णा ज्यावर पाय घेत, ते स्टूलही कोणी मोडले. कोणीतरी अण्णांच्या दोन थोबाडीतही दिल्या. मुनीच्या दाराला मात्र पुन्हा कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनी आणि त्याची आई गाव सोडून निघाले. जाताना मुनी अण्णांपाशी आला. मी पायरीवरची रिळे वेचत होते. तो हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, बाही बरोबर होती."

"असू दे."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"नाही विचारत," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या खांद्याची शिवण उगाच सारखी केली. मुनी पुन्हा आमच्या भागात दिसला नाही. टीमवरचा आरोप खरा होता की खोटा, हे कधीच कळले नाही. वर्षभराने लोक दुसरे काही बोलू लागले.

पण मला चैन पडेना. मशीन दुरुस्त होऊन आले त्या दिवशी मी विचारलेच. "अण्णा, तुम्ही तर बघत होतात. तुम्हाला काय वाटतं? सुटला, की सोडला?"

ते सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "मी बघतच नव्हतो गं. बॉल आपल्या गोलापाशी आला की मी डोळे मिटतो. नेहमीच. भीती वाटते. लोकांचा आवाज ऐकतो आणि मग जुळवून सांगतो."

इतकी वर्षे आम्ही सगळ्यांनी मॅच पाहिली होती ती डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडून. आणि त्याच तोंडचा एक शब्द चौथ्या घराच्या दारावर काठी होऊन गेला होता. मी मात्र तेव्हा डोळे उघडे ठेवून, शब्द नीट ऐकून, गप्प बसले होते. दोघांमध्ये कोण जास्त भित्रे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्यानंतरही रविवारी लोक सवयीने पायरीशी येत. अण्णा फक्त आकडे सांगत, "दोन एक," आणि मशीन सुरू करत. कात्री आणि खडू पुन्हा मैदानात उतरले नाहीत.

चार वर्षांनी माझे लग्न झाले आणि मी तुमच्या आजोबांबरोबर उत्तरेकडे निघाले. अण्णा आणि काकू स्टेशनवर आले होते. अण्णांना इंजिनाच्या शिट्टीची भीती वाटे, म्हणून ते कानांत बोटे घालून उभे होते. शिट्टी झाल्यावर त्यांनी बोटे काढली आणि खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. गाडी हलली. ते बरोबर चार पावले चालले, मग आणखी चार. मग त्यांचा हात माझ्या हातातून निसटला. ते फलाटावर थांबले, आणि मी पाहिले की त्यांनी डोळे घट्ट मिटले आहेत. तसेच उभे राहून ते मोठ्याने ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा बरोबर:

"सुटली गं अक्का! सुटली!"