उलट्या बाजूनं काढलेली रेघ

"सर, चाचा गेले..." सुनंदा फोनवर एवढंच बोलली. त्याला आता सहा आठवडे होतील. आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः काही लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा उणंअधिक पदरात घ्यावं.

दिग्रसच्या बसस्थानकामागे रफीकचाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. माझे सदरे तेच शिवत. मी अर्थशास्त्र शिकवत असे आणि सुनंदा माझी विद्यार्थिनी, जन्मापासून अंध. आलेखाचा प्रश्न आला की सारा वर्ग वहीवर वाके आणि ती हात मांडीवर ठेवून बसे. "तेवढा प्रश्न सोडून दे," असं मीच तिला सांगितलं होतं. हे चाचांजवळ सहज बोलून गेलो, तर त्यांनी कात्री खाली ठेवली. "सोडून काहून द्यायचा? बोटं हायेत नं तिले!" कापडावर खुणा उमटवायचं दातेरी चाक त्यांनी माझ्या हाती दिलं. जाड कागदाखाली दुमडलेलं कापड ठेवून ते फिरवलं, की मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठून येई.

पहिला आलेख मी सुनंदाला दुकानात बोलावून तिथंच काढला, कापसाच्या वाढत्या उत्पादनाचा. तिनं बोट फिरवलं आणि ती संकोचून म्हणाली, "सर, पुस्तकात तर वाढलं म्हणते... इथं कापूस कमी होऊन राह्यला." कागद पालटला की डावं उजवीकडे जातं, हे माझ्या ध्यानीच आलं नव्हतं! चाचा पोट धरून हसले. "मास्तर, आमी कपडा उलट्या बाजूनंच शिवतो. पण सुलटा कसा दिसन, ते आधी मनात पाह्यतो."

पुढे दर रविवारी हेच चाले. तयार रेघेवरून चाचा डोळे मिटून बोट फिरवत आणि गुणगुणत. रेघ चढली की सूर चढे, उतरली की उतरे. सुनंदाला आलेख कानांनीही कळू लागला. एकदा एका गिऱ्हाइकानं टोमणा मारला, "काय चाचा, माहा पायजमा राह्यला अन् तुमी कव्वाली सुरू केली?"

"कव्वाली नाही गा, सोयाबीनचा भाव हाय. थांब, अजून चढूनच राह्यला."

सुनंदा आता यवतमाळला अर्थशास्त्रच शिकते. परीक्षेसाठी तिला हवा असलेला आलेख मात्र चाचांच्या हातून अर्धाच झाला होता. चाचींनी तो कागद चाकासह माझ्या स्वाधीन केला. चार दिवस मी त्याच्यासमोर नुसता बसून राहिलो. त्यांची रेघ माझ्या हातानं पुढं न्यायची, एवढं धाडस होईना... अखेर ती आधी मनात पालटून पाहिली आणि आलेख पुरा केला.

सुनंदा गुणगुणत बोट पुढं नेत गेली. मध्येच सूर थांबला.

"सर, इथून तुमी केलं नं?"

"चुकलंय का काही?"

"नाही, बरोबर हाय." तिनं बोट किंचित मागं नेलं, चाचांच्या शेवटच्या ठिपक्यावर टेकवलं... आणि बराच वेळ तिथून उचललं नाही.