नकाशानं बंद केलेलं दुकान

"तुला विचारलंय कुणी?"

मोबाईल वाजला की बाई त्याच्याकडे न बघता हे म्हणायच्या. कधी तो पाऊस येणार म्हणून सांगायचा, कधी कुठल्याशा ॲपवर साड्यांचा सेल लागल्याचं. बाईंचं उत्तर एकच. मग पदराला हात पुसायचा, डोक्यावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि आलेलं सगळं शेवटपर्यंत वाचायचं. न वाचता त्यांनी कधी काही पुसलं नाही.

कसबा पेठेत तुमचं जाणंयेणं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. भाजणीचं दुकान. चकलीची, थालीपिठाची, उपासाची. गल्ल्यावर बसलेली ती किडकिडीत, न हसणारी बाई म्हणजे त्याच. मी त्यांच्याकडे भाजायला होते. शाळा चौथीत सुटली, पुढचं आयुष्य कढईसमोर गेलं. बाई फार प्रेमळ होत्या असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. "ताजी आहे ना?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की त्या पुडा परत फळीवर ठेवायच्या. "संशय असेल तर नका नेऊ."

दुकान दुपारी एक ते चार बंद. यावरून पुणेकरांना सगळे हसतात. झोपतात म्हणे. आम्ही शटर खाली ओढून आत भाजत असू. शटर वर असलं की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक आलं की हात थांबतो आणि हात थांबला की डाळ करपते. इतकं साधं आहे. पण हे कुणाला सांगत बसावं असं बाईंना कधी वाटलं नाही. पाटीवर वेळ लिहिली होती. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावी.

लोकांनी पाटी वाचायची सोडली आणि मोबाईलमधला नकाशा वाचायला लागले, तिथून आमचं बिघडलं. कुणीतरी दुपारी दोनला आलं, शटर खाली बघितलं आणि नकाशाला कळवून टाकलं की दुकान बंद झालं. मग आणखी कुणीतरी तसंच कळवलं. नकाशानं दोघांचं ऐकलं. आम्हाला विचारलं नाही.

आम्हाला कळलं ते असं. दुपारची वेळ, मी धणे हलवत होते. शटरबाहेर दोघी बोलताना ऐकू आल्या.

"बंद झालंय गं. मॅपवर पण परमनंटली क्लोज्ड दाखवतंय."

"अरेरे! म्हातारी गेली वाटतं."

बाई उठल्या, शटरपाशी गेल्या आणि आतून पत्र्यावर दणकन थाप मारली.

"म्हातारी आत आहे. चारला या!"

बाहेर किंकाळी आणि पळणारी पावलं. चारला त्या आल्या नाहीत.

मी हसले. बाई हसल्या नाहीत. गिऱ्हाईक का आटलं ते त्यांना त्या क्षणी समजलं. जुनी माणसं कमी झाली होती. नवीन येणारी कॉलेजातली, कंपन्यांमधली, नागपूर-अमरावतीकडून आलेली पोरं. ती नकाशा बघूनच गल्लीत शिरायची. दिवाळी तोंडावर आली आणि चकलीची भाजणी डब्यांत पडून. जुनी झालेली भाजणी बाई विकत नसत. दोन डबे गायींना गेले. ते डबे त्यांनी स्वतः उचलून नेले, मला हात लावू दिला नाही.

त्यांचा मुलगा कर्वेनगरला सोसायटीत राहतो. वाईट नाही, पण दुकान काढून जागा मोबाईलच्या कव्हरवाल्याला द्यावी असं त्याचं केव्हापासून चाललं होतं. त्याला आयतंच सापडलं.

"आई, आता नकाशासुद्धा म्हणतोय बंद. आतातरी ऐक."

"नकाशा माझ्या पोटचा आहे का?" बाई म्हणाल्या. "निदान तू तरी विचारायचंस, आई चालू आहेस का म्हणून."

दिवाळीपर्यंत नाही जमलं तर दुकान सोडीन, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं. दुकान गेलं की माझं कामही जाणार. मला दुसरं काही येत नव्हतं.

मुलानंच मग एक मार्केटिंगवाली मुलगी पाठवली. चुणचुणीत होती.

"आजी, तुमची स्टोरी सांगूया. तुम्ही किती स्ट्रगल केलात ते. थोडं रडलात तरी चालेल, लोक कनेक्ट होतात."

"कांदा आणलायस का?" बाईंनी विचारलं.

मुलगी हसली. "आणि दुपारचं बंद ठेवणं काढून टाकू. फार निगेटिव्ह जातं."

"मग भाजायचं कधी?"

"बाहेरून तयार घ्या ना. पाकिटावर नाव तुमचं."

"मग त्या बाहेरच्यालाच रडव," बाई म्हणाल्या आणि तिला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या दिवसापासून बाईंनी मोबाईल हातात घेतला तो इरेला पेटून. धणे निवडावेत तसं एकेक बटण बघायच्या. शेवटी नकाशावाल्यांची मागणी सापडली: दुकान तुमचंच आणि चालू आहे याचा व्हिडिओ पाठवा. रस्ता, पाटी, कुलूप उघडणं, सगळं एका दमात, मध्ये न थांबता.

"स्वतःच्या दुकानात शिरताना पुरावा द्यायचा!" त्या म्हणाल्या. "घे गं, काढ."

व्हिडिओ मी काढला. पहिल्यात माझा अंगठाच आला. दुसऱ्यात शेजारचे बांगडीवाले मध्येच येऊन "काय बाई, पिक्चर निघतोय का?" म्हणाले आणि बाईंनी त्यांना जे सुनावलं तेही त्यात गेलं. नकाशानं दोन्ही नाकारले. तिसऱ्याला त्या मला म्हणाल्या, "श्वाससुद्धा घेऊ नकोस." चांगलं नेसून, ताठ चालत आल्या, पाटीखाली उभ्या राहिल्या, कुलूप काढलं आणि त्या वयात एका हातानं शटर वर फेकलं. कॅमेऱ्याकडे असं बघितलं की नकाशाची नाही म्हणायची हिंमत झाली नसावी.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही पुन्हा जिवंत झालो. नकाशावर वेळही आली: एक ते चार बंद. गिऱ्हाईक आलं. त्याबरोबर एकेक चांदणी देऊन शिव्या घालणारेही आले. बाई प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायच्या. 'दुपारी बंद, अत्यंत उर्मट दुकान,' असं एकानं लिहिलं. बाईंचं उत्तर: 'वेळ वर लिहिली आहे. उर्मटपणाला वेळेचं बंधन नाही.' कुणी लिहिलं, चकली कडक झाली. 'मोहन कमी घातलंत. पुढच्या वेळी चारनंतर येऊन विचारून जा.' ती उत्तरं वाचायला म्हणून लोक दुकानात यायला लागले. त्यांनाही बाई म्हणायच्या, "वाचून झालं? मग भाजणी घ्या."

मुलानं पुन्हा विषय काढला नाही. बाई होत्या तोवर.

गेल्या वैशाखात त्या गेल्या. गल्ल्यावर बसल्या बसल्या, सकाळच्या वेळी. रडायला मला जमत नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कढई ठेवली.

तीनच्या सुमाराला शटर वाजलं. मुलगा होता, जागा बघायला कव्हरवाल्याला घेऊन आलेला.

"मावशी, उघडा. आत आहात ना?"

"आहे. चारला उघडेल."

"अहो, मी आहे!"

"डाळ आहे कढईत. चारला या."

तो काहीतरी पुटपुटला. मग बाहेर आणखी आवाज आले. दोघीतिघी बायका. त्यातली एक त्याला म्हणाली, "चारला उघडतं हो, मॅपवर आहे. रांगेत मागे या."

चारला मी आतली कडी काढली. शटर मला एका हातानं जात नाही, अर्ध्यावर अडकलं. बाहेरून कुणीतरी हात लावला आणि ते वर गेलं. मुलगाच होता. कव्हरवाला कंटाळून निघून गेला होता. मुलगा आत आला नाही. पाटीकडे बघत उभा राहिला, मग "चकलीची द्या, अर्धा किलो," म्हणाला. मी दिली.

बाईंचा मोबाईल आता माझ्याकडे असतो. कालच दुपारी कढईवर होते तर वाजला. नकाशा विचारत होता, हे ठिकाण कायमचं बंद झालं आहे का?

"तुला विचारलंय कुणी?" मी म्हटलं. पदराला हात पुसले, शेवटपर्यंत वाचलं आणि 'नाही' दाबलं.