गार इंजिनाचा ठोका

आमचं घर विठ्ठलवाडीला, चाळीत, एका खोलीचं. मूळ गाव वांगणीच्या पलीकडे. तिथली जमीन पावसाळ्यात भात द्यायची आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत काहीच नाही. म्हणून वडील उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हातगाडी ओढायचे. आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. सकाळी गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. मधल्या वेळात आम्हा भावंडांना पाय पसरायला जागा नसे. बारावी पास झालो तेव्हा वडील म्हणाले, शिक पुढे, मी आहे. पण जिना चढताना ते मध्येच थांबतात हे मला दिसत होतं. कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी सोडलं. भरतीला उभा राहिलो, घेतला गेलो.

फौजेने मला व्हेईकल मेकॅनिक केलं. बी.ए. मी नोकरीत असताना बाहेरून केलं. पुस्तकं बंकरमध्ये, बुखारीशेजारी बसून वाचली. बुखारी म्हणजे धुराडं असलेली रॉकेलची शेगडी. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी मान वर करून सांगतो.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्या दिवशी माझं पोस्टिंग उत्तरेला एका खिंडीखालच्या ट्रान्झिट कॅम्पला होतं. तिथे माझं काम एका वाक्यात सांगता येतं. सकाळी गाड्या गरम करायच्या आणि दिवसभर गरम ठेवायच्या. डिझेल इंजिन चालू झालं म्हणजे तयार झालं, असं नसतं. त्याला अंगात ऊब धरावी लागते. त्यासाठी इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये एक मुठीएवढी झडप असते, थर्मोस्टॅट. पाणी गार असेपर्यंत ती बंद राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी तापलं की उघडते. ती असेल तर इंजिन गरम होतं आणि केबिनच्या हीटरलाही ऊब मिळते. ती नसेल, तर बर्फाळ प्रदेशात इंजिन दिवसभर चालवा, गारच राहतं.

सिग्नलमन थोरात माझा यार. साताऱ्याकडचा, उंच, कायम थट्टेच्या मूडमध्ये. माझा बी.ए.चा निकाल आल्यापासून तो मला नावाने हाक मारत नसे, ‘पदवीधर’ म्हणायचा. त्याला एक नवी रेडिओ व्हॅन आणायला खाली मैदानी भागात पाठवलं होतं. सोबत ड्रायव्हर लान्स नायक बलबीर. व्हॅन नवी म्हणजे आम्हाला नवी, तशी जुनीच. आत झोपायचे दोन बंक, टेबल, हात धुवायचं बेसिन. आजकाल लोक ज्याला मोटरहोम म्हणतात, जवळपास तसंच.

त्या सकाळी खिंडीच्या पलीकडून त्याचा आवाज रेडिओ सेटवर आला. त्याच्या गाडीचं रेडिओवरचं नाव, म्हणजे कॉल साईन, चार्ली थ्री.

“पदवीधर, बंगला घेऊन येतोय. खिडकीला पडदे आहेत. पाय पुसून आत यायचं. ओव्हर.”

आमचे नायब सुभेदार नेगी साहेब शेजारीच होते. त्यांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. नेट म्हणजे आमच्या सगळ्या सेटांची एकच सामाईक वाहिनी, तिथे थट्टा चालत नसे. “चार्ली थ्री, नेट पर गृहप्रवेश की बातें बंद करो. आउट.” पण हसले तेही.

साडेनऊला बर्फाचा कडा घसरला. व्हॅन खिंड उतरून आमच्या बाजूला आली होती, तेव्हा बर्फ तिच्या पुढेही आला आणि मागेही. मधल्या तुकड्यात ती सुखरूप. आमच्यापासून चार किलोमीटर. बर्फ हटवायला डोझर लगेच लावला. दोघांना कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. डिझेल भरपूर, खायला होतं, सेट चालू होता. काळजी एकच होती, थंडी. संध्याकाळपर्यंत त्यांनी ऊब टिकवायची आणि आम्ही पोचायचं.

नेगी साहेबांनी मला सेटवर बसवलं. म्हणाले, इंजिन तू सांभाळ.

मी विचारलं, “चार्ली थ्री, टेम्परेचर काय दाखवतंय? ओव्हर.”

“काटा तळाला. सकाळपासून तिथेच. बलबीर म्हणतो मीटर खराब असेल. ओव्हर.”

“हीटर? ओव्हर.”

“गार हवा मारतोय. बंद केलाय. ओव्हर.”

मी सांगितलं, रेडिएटरपुढे जे सापडेल ते लावा, पोतं, गादी, पुठ्ठा. इंजिन बंद करू नका. रेस थोडी वाढवून ठेवा. बलबीर बाहेर जाऊन गादी बांधून आला. तासाभराने विचारलं. काटा तळालाच. बाहेर तोवर सगळं पांढरं झालं होतं. वारा पडला होता. डोझरचा आवाज येत होता, डोझर दिसत नव्हता. आपलाच हात लांब केला तर पंजा अंधूक दिसायचा. दिवसाढवळ्या इतकं आंधळं मी कधी झालो नव्हतो.

बाराच्या सुमारास थोरातची थट्टा थांबली. तो फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायला लागला. एकच्या कॉलला म्हणाला की बलबीर कुडकुडतोय, आम्ही काहीतरी करतो. काय करता, विचारलं. उत्तर आलं नाही. धुक्यात सिग्नल असाच तुटायचा, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

दोन वाजता तो स्वतःहून बोलला.

“पदवीधर. आता गरम वाटतंय. ओव्हर.”

बंकरमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला. इंजिनाने शेवटी ऊब धरली, गादीचा उपयोग झाला, असं मला वाटलं. कोणीतरी चहा ठेवला. आवाज जड होता, पण ऊब मिळाल्यावर झोप येतेच.

अडीचला सेट आपोआप जागा झाला. बोलणं नाही. नुसती घरघर. पहिल्यांदा वाटलं नेटवर गडबड आहे. मग ओळखलं, ते इंजिन होतं. चार्ली थ्रीचं इंजिन. हँडसेटला एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. कशाच्या तरी खाली ते बटण दाबलं गेलं होतं. म्हणजे आम्ही कितीही हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जाणार नव्हत्या. त्यांच्याकडून मात्र सगळं येत होतं. आणि त्या सगळ्यात माणसाचा एकही आवाज नव्हता. खोकला नाही, बंक करकरल्याचं नाही, काही नाही.

नेगी साहेब म्हणाले, सो गया होगा.

मी कान लावून बसलो. गरम डिझेल इंजिनाचा आवाज गोल असतो. गार इंजिनाचा ठोका कडक असतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. रोज सकाळी तो ठोका मोडेपर्यंत मी गाड्यांजवळ उभा राहत असे. सेटमधून तोच कडक ठोका येत होता. इंजिन गारठलेलं होतं. सकाळी होतं तेवढंच.

मग थोरातला गरम कशाने वाटत होतं?

“साब,” मी म्हणालो, “इंजन ठंडा है. अंदर कुछ जलाया है इन्होंने.”

नेगी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठले. “डोझर छोड़ो. पैदल.”

आम्ही पाचजण दोराला बांधून निघालो. पाठीवरच्या छोट्या सेटवर चार्ली थ्रीचं नेट चालू ठेवलं होतं. संपूर्ण वाट ते इंजिन आमच्यासोबत वाजत होतं. पुढे काही दिसत नव्हतं आणि पाठीवर ती गाडी धडधडत होती. साडेचारला आवाज दोन्हीकडून यायला लागला, पाठीवरून आणि समोरून. तेव्हा कळलं, पोचलो.

पहिलं मी बॉनेट पाहिलं. त्यावर वीतभर बर्फ होता. खाली इंजिन चालू आणि वरचा बर्फ जराही विरघळला नव्हता. मी हातमोजा काढून इंजिनाच्या कुशीला हात लावला. गार होतं. धडधडतंय, थरथरतंय आणि हात लावला तर गार. इतकी वर्षं इंजिनं हाताळली, तसं काही मी आधी पाहिलं नव्हतं.

दार आम्ही ओढून उघडलं. आतून ऊब आली. जमिनीवर साधा रॉकेलचा स्टोव्ह होता, ज्योत बारीक झालेली. वाऱ्याच्या फटींत पडद्यांचे बोळे नीट कोंबले होते. धूर बाहेर जायला जागाच नव्हती. बलबीर बंकवर होता. थोरात टेबलावर डोकं टेकून बसला होता, हँडसेट त्याच्या गालाखाली. दोघांचे गाल लाल होते, जत्रेत उन्हात फिरून आल्यासारखे. कोंडलेल्या स्टोव्हच्या विषारी वायूने, कार्बन मोनॉक्साइडने, रंग तसाच होतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या क्षणी मी थोरातला खांद्याला धरून हलवलं.

मग त्याच्या गालाखालचा हँडसेट काढला आणि त्यावरूनच कॅम्पला रिपोर्ट दिला. बटण दाबावं लागलं नाही, अडकलेलंच होतं. “चार्ली थ्री. दोन्ही जवान गेले. ओव्हर.” पलीकडे कॅम्पमध्ये त्यांनी चार्ली थ्री म्हणून माझा आवाज ऐकला. चहा ठेवणारा पोरगा पुढे मला म्हणाला की क्षणभर त्याला थोरातच बोलल्यासारखं वाटलं.

नंतर वर्कशॉपला ते इंजिन उघडलं. थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. मैदानी भागात उन्हाळ्यात गाडी तापत होती, म्हणून कोणीतरी कधीतरी झडप काढून टाकलेली. कोणी, ते कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी अंबरनाथला शेड घेतली. डिझेल इंजिनांचं काम करतो. गेल्या मे महिन्यात उल्हासनगरचे मनोहरशेठ त्यांचं मोटरहोम घेऊन आले. कापडाचे व्यापारी, हौशी माणूस. बसच्या सांगाड्यावर बेड, ओटा, बाथरूम, सगळं बांधून घेतलेलं. बायको, मुलगी आणि म्हाताऱ्या आईला घेऊन लडाखला निघायचं होतं. आईला एकदा बर्फ बघायचा होता. तक्रार किरकोळ होती, हीटर गार हवा मारतो.

गाडी वांगणीपर्यंत फेरी मारून आलेली, बाहेर उन्हाची भट्टी. मी रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावला. कोमट. काटा तळाला. इंजिन चालूच होतं आणि ठोका कडक होता.

शेठ खुशीत होते. “भोईर साहेब, आधी फार तापायची. आपल्या पप्पू उस्तादने तो थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला, तेव्हापासून एकदम ठंडी. चांगलंच ना? आणि हीटर नाही चालला तरी टेन्शन नाही. अम्मासाठी आत गॅसची सिगडी ठेवलीय, पत्रा ठोकून फिक्स केलीय.”

मी दार उघडलं. अम्मा बेडवर बसल्या होत्या. पायांशी सिगडी. खिडक्यांना जाड पडदे. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच राहिलो. अम्मा म्हणाल्या, “बेटा, अंदर क्यों नहीं आता?”

मी त्यांना वर लिहिलं तेवढं सांगितलं. उगाच वाढवून नाही. शेठ मध्ये एकदा म्हणाले की ती फौजेची गोष्ट, आम्ही तर हॉटेलच्या आवारात गाडी लावणार. अम्मांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “मनोहर, ये सिगडी उतार दे.”

पप्पू उस्तादला बदलापूरहून बोलावून घेतलं. तो जरा चिडूनच आला. “साहेब, आपल्याकडे सगळेच काढतात वॉल. बदलापुरात कुठे बर्फ पडतो?”

“गाडी बदलापुरात राहणार नाहीये, उस्ताद.”

“ते मला कोण बोललं? मला सांगितलं गाडी तापते. मी थंड करून दिली.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याला थांबवून घेतलं आणि दोघांनी मिळून काम केलं. नवीन थर्मोस्टॅट बसवला, तर पहिल्याच फेरीत गाडी पुन्हा तापली. म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागीच होतं. रेडिएटर उतरवला. इतके दिवस त्यात बोअरचं पाणी ओतलेलं. नळ्यांतून क्षार आणि गंजाचा लाल चिखल निघाला. अर्ध्या नळ्या बंद. त्या साफ करून घेतल्या, कूलंट भरला, हीटरचे पाईप धुतले. पप्पू म्हणाला, “झडप बिचारी उगाच बदनाम झाली.”

ट्रायलला मी स्वतः चालवली. अंबरनाथहून निघालो तेव्हा ठोका कडक होता. बदलापूर यायच्या आधी काटा हलला. बदलापूर सोडताना मध्यावर आला आणि ठोका मोडला, आवाज गोल झाला. वांगणीपर्यंत काटा जागचा हलला नाही. भर मे महिन्यात मी हीटर सुरू केला. पप्पू घामाने निथळत होता, पण बंद करा म्हणाला नाही.

शेठना मी दोन गोष्टी बजावल्या. थंडीत निघण्याआधी इंजिनाला ऊब धरू द्या. आणि आत काही पेटवून झोपायचं नाही. गाडी जूनमध्ये गेली. खिंडीत त्यांना बर्फ लागला, एक रात्र रस्त्यावर काढावी लागली. इंजिन गरम राहिलं, हीटर चालला.

सिग्नलमन थोरात आणि लान्स नायक बलबीर यांना कॅम्पवर सलामी दिली, तेव्हा मी रांगेत दुसरा होतो. दोघं कामावर असताना गेले. शत्रू समोर नव्हता, गोळी सुटली नाही, म्हणून त्यांची नावं फारशी कुठे घेतली जात नाहीत. म्हणून मी ती इथे लिहिली.

मनोहरशेठचं मोटरहोम लडाखला जाऊन आलं. चारही माणसं त्यातूनच घरी परत आली.